जुई आरवली

शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली त्याला पावणेचारशेच्या वर वर्षं झाली. तेव्हापासून या गावात मराठी माणूस आहे. तेव्हाचा घोड्यावरून आला, आताचा उद्यान एक्स्प्रेसनं येतो, एवढाच फरक. आल्यावर तो आधी बाकरवडी मिळणारं दुकान शोधतो, मग महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला एकदा जाऊन येतो, मग फ्लॅट घेतो, मग फ्लॅट विकून थर्टी-फॉर्टीची साइट घेतो आणि घर बांधतो. एवढं सगळं मार्गी लागलं, मुलगी आठवीत गेली, गुडघे किंचित कुरकुरायला लागले, की चाळिशीच्या पुढे कधीतरी, लहानपणी कांजिण्या व्हाव्यात तशा, त्याला कोंबड्या होतात.

या इसमाचं आडनाव कुलकर्णी, शिंदे, पाटील, काहीही असू शकतं. सोयीसाठी त्यांना खुराडेकर म्हणू. गोष्ट एका माणसाची नसून जमातीची आहे. विद्यारण्यपुऱ्यापासून जेपी नगरापर्यंत कुठल्याही क्रॉसला, कुठल्याही मेनला एखादे खुराडेकर सापडतात.

खुराडेकर थेट कोंबडीपर्यंत पोहोचत नाहीत. सुरुवात गच्चीवरच्या पालकापासून होते. बंगळुरात या नादाला चांगली परंपरा आहे. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले कीटकशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी इथल्या नोकरदारांना गच्चीवर भाजी लावायला शिकवलं, आणि 2011 पासून ‘ऊटा फ्रॉम युअर थोटा’, म्हणजे ‘आपल्या बागेतून जेवण’, नावाची त्यांची जत्राही भरते. पालकाला खत हवं म्हणून कंपोस्ट आलं. कंपोस्टात अळ्या आल्या. अळ्या खायला कोण? कोंबडी अशी तर्कशुद्ध वाटेनं घरात शिरते. तर्काशिवाय खुराडेकर साधी चप्पलसुद्धा घेत नाहीत.

दुसरी वाट कॅलिफोर्नियावरून येते. 2018 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं छापलं, की सिलिकॉन व्हॅलीतल्या धनिक तंत्रज्ञांमध्ये प्रतिष्ठेची नवी खूण म्हणजे परसातल्या कोंबड्या. खुराडेकर त्याच सुमारास ऑनसाइट सनीव्हेलला होते. तिथल्या व्हाइस प्रेसिडेंटनं बार्बेक्यूच्या दिवशी त्यांना मागच्या अंगणात नेलं आणि एक तांबडी कोंबडी त्यांच्या हातात दिली. वाळवा तालुक्यात आजीनं जी गोष्ट रोज हातात दिली असती, ती घ्यायला त्यांना बिझनेस व्हिसा लागला.

कोंबड्यांची बातमी गावी पोहोचली तेव्हा वडील घाबरले. 2019 मध्ये इस्लामपुरात उघडकीला आलेला कडकनाथ घोटाळा त्यांनी जवळून पाहिला होता. पिलं आमच्याकडून घ्या, अंडी आणि पक्षी आम्ही चढ्या भावानं परत घेतो, या वचनावर कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. “तुला कुणी अंडी परत घेतो म्हणालंय का?” एवढंच त्यांनी फोनवर विचारलं. कुणी म्हणालं नव्हतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. आई मात्र आठवडाभर बोलली नाही. तिच्या सासरी कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईचा स्वतःचा पैसा होता. त्या अंड्यांच्या पैशांतून मुलाच्या वह्या आल्या, वह्यांमुळे मुलगा इंजिनिअर झाला, आणि इंजिनिअर होऊन त्यानं कोंबड्या घेतल्या. तिच्या हिशोबानं मधली तीस वर्षं फुकट गेली.

जात निवडायला खुराडेकरांना पूर्ण पावसाळा लागला. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-300 वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, पण ती पिंजऱ्यात राहून, ठरावीक उजेडात, ठरावीक खाणं खाऊन. तिच्याविषयी वाचताना त्यांना ऑफिसातले आपल्याच मजल्यावरचे लोक दिसायला लागले आणि त्यांनी तो टॅब बंद केला. कडकनाथ वडिलांसाठी वर्ज्य. शेवटी बंगळूरचीच गिरिराजा ठरली. कृषी विद्यापीठाच्या हेब्बाळच्या आवारात तयार झालेली, रंगीत पिसांची, दणकट, परसात चरून पोट भरणारी, वर्षाला सव्वाशे-दीडशे अंडी देणारी. विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारातल्या कृषी मेळ्यात खुराडेकरांनी तिचं दर्शन घेतलं, तेव्हा रांगेत पुढे असलेल्या शेतकऱ्यानं आपुलकीनं विचारलं, किती घेणार? “सहा,” खुराडेकर म्हणाले. “सहाशे?” “नाही, सहा.” शेतकऱ्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काढू शकतं. या एका गोष्टीच्या भरवशावर अमेरिकेत 1918 पासून एक दिवसाची पिलं टपालानं जातात. खुराडेकरांना हे पाठ होतं. तरी हेब्बाळहून घरी येताना त्यांनी दोनदा गाडी बाजूला घेऊन पिलांना गुळाचं पाणी पाजलं. मुलीनं घर येईपर्यंत नावं ठेवून टाकली: जाई, जुई, शेवंती, अबोली, सायली, केतकी.

पहिल्या आठवड्यात पिलांना साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. त्यासाठी पुठ्ठ्याचं खोकं, भाताचं तूस आणि वर टांगलेला साठचा बल्ब पुरतो. खुराडेकर एसपी रोडवर गेले आणि तपमान, आर्द्रता व अमोनिया मोजणारे सेन्सर घेऊन आले. ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांच्या दुसऱ्या पडद्यावर आलेख सरकत असे. खरं तर थंडी वाजली की पिलं बल्बखाली गर्दी करतात, उकडलं की लांब जाऊन चोची उघडून धापा टाकतात, आणि सगळीकडे पांगलेली असली की ठीक चाललंय. हे पिलांकडे बघून कळतं, पण खुराडेकर मोबाइलकडे बघत. एका रात्री बेसकॉमची वीज गेली, वायफाय गेलं, आलेख थांबला, आणि खुराडेकर अंधारात राउटरशी झटत राहिले. पत्नीनं गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि ती झोपायला गेली.

मग मानमोडीची लस. कुमाऊंतल्या राणीखेत गावाचं नाव कपाळी घेऊन आलेला हा रोग आपल्याकडे मानमोडी म्हणूनच माहीत आहे, आणि तो आला की खुराडं रिकामं करून जातो. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात घालायचा. अडचण अशी, की लशीची बाटली छोटी म्हटली तरी शंभर पिलांची, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. सहा पिलांचे मालक शंभर डोसांचं काय करणार? या अडचणीतून बंगळुरात एक नवा समारंभ जन्माला आला आहे. रविवारी सकाळी पाच-सहा खुराडेकर आपापली पिलं चपलांच्या खोक्यांतून घेऊन एकाच्या गॅरेजमध्ये जमतात. लस बर्फाच्या थर्मासमधून येते. इडली-वडा असतो. पिलांच्या डोळ्यात थेंब पडतो, माणसांच्या तोंडी शेअर बाजार असतो, आणि उरलेली साठ-सत्तर पिलांची लस खळखळून ओतून देताना सगळ्यांना थोडं वाईट वाटतं.

खुराडं हा या जमातीच्या महाकाव्याचा भाग. खुराडेकरांनी नकाशा संगणकावर काढला. मैसूर रोडच्या टिंबर यार्डातून पाइनचं लाकूड आणलं. सुतार राजस्थानचा. त्यानं उतरतं छप्पर, कोनाडे आणि छोटा दरवाजा असलेलं चित्र पाहिलं आणि पायातल्या चपला काढून विचारलं, “साब, मंदिर बनाना है?” कोंबड्यांचं घर आहे म्हटल्यावर त्यानं चपला पुन्हा घातल्या, दर मात्र देवघराचाच ठेवला.

खुराडं देखणं झालं. चुका तीन होत्या. पहिली म्हणजे डुप्लेक्स. अंडी घालायचे खण वरच्या मजल्यावर आणि झोपायची दांडी खाली. कोंबडी रात्री मिळेल तितक्या उंच जागी बसते; त्यामुळे सगळ्या पोरी खणांत झोपल्या आणि अंड्यांसाठी अंथरलेल्या गवताची सकाळी काय दशा झाली ते लिहिण्यासारखं नाही. दुसरी चूक थंडीची. बंगळूरच्या डिसेंबरात पिसं फुटलेल्या कोंबडीला काहीही होत नाही, पण खुराडेकरांनी कडेच्या फटी सिलिकॉननं बुजवल्या. हवा खेळेना, विष्ठेचा अमोनिया साचला, आणि तो मोजणारा सेन्सर इतका ओरडायला लागला की खुराडेकरांनी सेन्सर बंद केला. तिसरी चूक जाळीची. षट्कोनी भोकांची कोंबडीची जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला आणि घुशीला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्ड मेश लागते, आणि ती फूटभर जमिनीत गाडावी लागते, कारण घूस खालून येते. बंगळुरात गटारं आहेत तोवर घुशीही आहेत. खुराडेकरांनी सगळं उचकटलं आणि ‘व्हर्जन टू’ बांधलं. सुतारानं दर तोच लावला.

शेजारच्या रिकाम्या साइटवर अपार्टमेंट उठत होतं. तिथला वॉचमन यादगीरकडचा. त्याच्या पत्र्याच्या खोपटाभोवती पाचसहा नाटी कोळी, म्हणजे आपल्या गावरान कोंबड्या, मोकाट हिंडत आणि रात्री उलट्या टोपलीखाली जात. वर एक वीट. वॉचमनची बायको एकदा कुंपणावरून व्हर्जन टू बघायला आली. सात आठवड्यांची पिलं, तुरे नुकते रंगायला लागलेले. तिनं बोट दाखवलं. “इदु हुंज, सार.” हा कोंबडा. मग दुसऱ्याकडे. “इदु हुंज.” तिसऱ्याकडे. खुराडेकर अॅप उघडून फोटो काढत होते. अॅपचं मत पडलं, चौसष्ट टक्के मादी.

अशा सुधारित जातींची पिलं बहुतेक ठिकाणी नर-मादी न निवडताच देतात. निम्मे कोंबडे निघणार हे साधं गणित आहे. पण गणित सहाशे पिलांवर जसं शांतपणे सोसता येतं तसं सहांवर नाही, विशेषतः त्यांची नावं ठेवून झाल्यावर.

पुढे महिन्याभरात, एका पहाटे साडेतीनला, जुई आरवली.

विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीचा दिवा भिंतीवर फिरला हे निमित्त. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की कोंबड्याची बांग अंगातल्या घड्याळावर चालते. सतत मंद उजेडात ठेवला तरी तो आपली वेळ चुकवत नाही. उजेड आणि आवाज यांनी तो आणखी चेतवला जातो, पण त्याला उठवणारा तो स्वतःच. खुराडेकरांनी हा निबंध वाचण्याआधी तिन्ही कोंबड्यांवर काळी चादर टाकून पाहिली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आजी सांगायची. कोंबडं झाकलं म्हणून कोंबडंही आरवायचं राहत नाही, हे सेकंड क्रॉसनं अनुभवलं. जुईमागोमाग सायली आणि केतकी आरवल्या.

समोरचे अंकल एचएएलमधून निवृत्त झालेले. विमानाच्या इंजिनांत आयुष्य गेलं तरी कान शाबूत होते. ते छापील कागद घेऊन आले: ध्वनिप्रदूषण नियम, 2000, निवासी भाग, रात्री दहा ते सकाळी सहा, मर्यादा 45 डेसिबल. खुराडेकरांनी उत्तरादाखल फ्रान्सच्या मोरिसची हकीकत सांगितली. ओलेरॉन बेटावरच्या या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला, 2019 मध्ये कोर्टानं निकाल कोंबड्याच्या बाजूनं दिला, आणि 2021 मध्ये खेड्यांतल्या आवाजांना आणि वासांना संरक्षण देणारा कायदाच झाला. अंकलनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे बेट आहे का?”

मध्यंतरी पाचव्या महिन्यात शेवंतीनं पहिलं अंडं घातलं, लिंबाएवढं. त्याचे फोटो अमेरिकेपर्यंत गेले. खुराड्याचा खर्च खुराडेकरांनी भांडवली म्हणून दहा वर्षांवर पसरला आहे, त्यामुळे वहीत अंडं परवडतं. बर्ड फ्लूची बातमी आली की मात्र घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. जानेवारी 2018 मध्ये तो दासरहळ्ळीच्या बाजूला सापडला होता. साथ निघाली की त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या, परसातल्यासुद्धा, माराव्या लागतात. खुराडेकरांच्या फोनमध्ये घराभोवती काढलेलं तेवढंच वर्तुळ आहे आणि त्यात चिकनची चार दुकानं येतात.

तिन्ही कोंबड्यांचा प्रश्न उरला. इथं खुराडेकरांचा सगळा तर्क पांगतो. बंगळुरात मराठा कुटुंबांनी मिलिटरी हॉटेलं, म्हणजे मांसाहारी खानावळी, रुजवली. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यातलं नावाजलेलं, आणि खुराडेकर रविवारी तिथं रांगेत उभे असतात. प्लेटमधल्या कोंबडीला नाव नसतं. जुईला होतं. वॉचमनच्या बायकोनं एकदा सहज, मदत म्हणून, तिघांची किंमत विचारली, तर खुराडेकर दोन दिवस कुंपणाकडे फिरकले नाहीत. शेवटी ऑफिसातल्या एका मित्राचं कनकपुरा रोडवरचं फार्महाउस कामी आलं. एका शनिवारी तिन्ही कोंबडे खोक्यातून तिकडे गेले. मुलगी रडली. अंकल झोपले.

दोन महिन्यांनी मित्रानं सहकुटुंब जेवायला बोलावलं. नाचणीचा मुद्दे, म्हणजे उकडलेला गोळा, आणि नाटी कोळी सारू, म्हणजे गावरान कोंबडीचा रस्सा. वास अंगणापर्यंत येत होता. पानं मांडली गेली, तसे खुराडेकर हात धुवायच्या निमित्तानं मागे गेले आणि आवारात चक्कर मारून आले. जुई आणि केतकी कंपोस्टवर उकरत होत्या. सायली दिसली नाही. यजमान म्हणाले, ती पलीकडच्या बागेत जाते हल्ली, तिकडे कोंबड्या जास्त आहेत. खुराडेकरांनी मुद्दे घेतला, ताक घेतलं, सारू नको म्हणाले. पोट ठीक नाही म्हणाले. पत्नीनं सारू दोनदा वाढून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाढताना यजमानांना मसाला कुठून आणता ते विचारलं.