कोबी, कवठी चाफा आणि काळं पित्त

आमच्या आजीच्या लेखी माणसाला दुःख होतच नसे, पित्त होई. कोणी तोंड पाडून बसलं की ती विचारायची, "रात्री काय खाल्लंस?" आणि उत्तराची वाट न बघता आमसुलाचं सार करायला घ्यायची. आम्ही हसायचो. पुढे वाचनात आलं, की आजीच्या पाठीशी दोन हजार वर्षांचं युरोपीय वैद्यक उभं होतं.

ग्रीक वैद्यांच्या हिशेबी शरीरात रस चार: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. (आपण तिनांत भागवलं.) काळं पित्त वाढलं की माणूस उदास. 'मेलँकली' या शब्दाचा मूळ अर्थच काळं पित्त. ते थंड, कोरडं, मुक्काम प्लीहेत. आता गंमत अशी, की असा वेगळा द्रव शरीरात नाहीच. त्याच्या नावानं शतकानुशतकं लोकांचं रक्त मात्र काढलं गेलं. हेलेबोर नावाची विषारी मुळी देत. तिनं उलट्या-जुलाब असे लागत, की उदास व्हायला सवड मिळत नसावी.

या साऱ्या मतांची मोट बांधली रॉबर्ट बर्टननं. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये आयुष्य काढलेला हा ब्रह्मचारी पाद्री. १६२१ साली त्याचा 'द अ‍ॅनाटमी ऑफ मेलँकली' हा जाडजूड ग्रंथ निघाला. उदासीची कारणं म्हणून त्यानं देव, ग्रह, म्हातारपण, प्रेम, दारिद्र्य, वाईट हवा, कोणालाच सोडलं नाही. फार वाचन करणाऱ्या विद्वानांवर तर वेगळं प्रकरणच आहे, आणि ते लिहिताना आरसा दूर नसणार.

पण मी रेंगाळलो ते पथ्यापाशी. कोबी वाईट. काकडी वाईट. कडधान्यांनी डोक्यात धूर साचतो आणि भलती स्वप्नं पडतात. म्हणजे उसळ बंद. दूध, लोणी, चीज सगळं उदासी वाढवणारं. दूध फाटल्यावर उरणारं पाणी तेवढं चालेल. आमच्या भाषेत सांगायचं तर श्रीखंड वर्ज्य, आणि चक्क्याच्या फडक्यातून रात्रभर टपटपणारं पाणी पथ्याचं! एवढं पाळल्यावर माणूस आनंदी राहील कशाच्या जोरावर?

बर्टनचं स्वतःचं औषध निराळं होतं. उदासी टाळायची म्हणून तो उदासीवर लिहीत बसला. पुस्तक छापून झालं तरी थांबेना. हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या, दर वेळी भर घालून. आणि इतकं करूनही मन रमलं नाही, की स्वारी म्हणे पुलाच्या पायथ्याशी जायची. तिथे नावाडी एकमेकांना अस्सल शिव्या हासडत. ते ऐकत हा कमरेवर हात ठेवून पोट दुखेपर्यंत हसायचा.

हा इलाज मला पटला. आमच्या इमारतीत खालच्या दोन बिऱ्हाडांचं स्कूटर लावण्यावरून रोज संध्याकाळी वाजायचं. एकाच्या कवठी चाफ्याच्या कुंडीला दुसऱ्याचं चाक घासे, आणि त्यावरून सात पिढ्यांचा उद्धार. चहाचा कप घेऊन मी गॅलरीत उभा राहायचो.

गेल्या आठवड्यात कोणीतरी मध्यस्थी करून त्यांचं मिटवलं. दोघं आता कुंडीला मिळून पाणी घालतात. तेव्हापासून मला जरा बरं वाटत नाहीये. आमसुलं आणायला हवीत.