कृपया शाल आणू नये

मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या पंचविशीतल्या पोराची किंवा पोरीची पहिली कादंबरी आली, की तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, असं म्हणणाऱ्याला आमचा मुलूख ठाऊक नाही. स्टँडसमोर फ्लेक्स लागतो. त्यावर ‘जावळीचा सुपुत्र’, शेजारी शुभेच्छुकांचे पंधरा चेहरे आणि कोपऱ्यात, आगपेटीएवढं, पुस्तकाचं मुखपृष्ठ. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुच्छ आणि जोडलेले हात येऊन पडतात, आणि त्यांच्या खाली एखादा आत्तेभाऊ विचारतो, ‘पीडीएफ आहे का?’ मग प्रकाशन सोहळा. चकचकीत कागदात गुंडाळून लाल फितीनं बांधलेल्या पाच प्रती तबकातून येतात. मान्यवर फीत ओढतात, ती सुटत नाही, मग दात लावतात, कागद टराटरा फाडतात आणि पुस्तक छातीशी धरून कॅमेऱ्याकडं बघतात. पाचातलं एक हमखास उलटं धरलेलं असतं. अध्यक्ष भाषणात प्रांजळपणे कबूल करतात, की पुस्तक पूर्ण वाचायला सवड झाली नाही, पण चाळलं; आणि चाळल्याच्या जोरावर चाळीस मिनिटं बोलतात. एवढं कौतुक मराठी लेखकाच्या वाट्याला आयुष्यात पुन्हा येत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणं कृतघ्नपणाचं वाटेल. तरी बोलतो. पुस्तक न वाचण्याची आणि न घेण्याची सगळ्यात सभ्य रीत आपल्याला सापडली आहे, तिचं नाव सत्कार. देवापुढं नारळ फोडला की पोथी उघडायची जबाबदारी संपते, तसंच हे. शाल घातली, श्रीफळ दिलं, फोटो निघाला, देणं फिटलं.

हिशेब करून बघा. तीनशे रुपयांच्या कादंबरीवर लेखकाला साधारण दहा टक्के मानधन मिळतं असं धरू. प्रतीमागं तीस रुपये. आवृत्ती पाचशेची असली आणि शेवटची प्रतसुद्धा विकली गेली, तर पंधरा हजार. दोन-तीन वर्षं रात्री जागून लिहिलेल्या मजकुराचे पंधरा हजार, आणि तेही सगळं खपल्यावर, प्रकाशकाला हिशेब पाठवायची आठवण झाल्यावर. (पुष्कळदा छपाईचा खर्च किंवा शंभर-दोनशे प्रती लेखकाच्याच गळ्यात असतात, ते इथं धरलेलं नाही, नाहीतर गणित ऋणात जाईल.) आता व्यासपीठावरच्या सहा जणांच्या शाली, नारळ, गुच्छ, हॉलचं भाडं, माईकवाला, चहा-वडा आणि तो फ्लेक्स यांची बेरीज करा. सोहळ्यात सगळ्यांचे पैसे रोख भागतात. माईकवाला तर सामान गुंडाळायच्या आधीच घेतो, आणि ते बरोबरच आहे. ज्याच्या नावानं हा बाजार भरला, तेवढा एकटाच उधारीवर. वर कार्यक्रम संपताना दाराशी उभा राहून तोच पाहुण्यांना ‘सप्रेम भेट’ लिहून प्रती वाटत असतो. मागणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही. उलट, मागून न्यायची म्हणजे मान दिल्यासारखं वाटतं. जावळीत शिरलेला माणूस परत जात नाही, असा चंद्रराव मोऱ्यांचा दम होता. मोऱ्यांची जावळी १६५६ सालीच गेली, पण वाचायला म्हणून नेलेल्या पुस्तकांच्या बाबतीत तो दरारा अजून टिकून आहे.

ही नुसती कुरकुर वाटत असेल, तर शेजारच्या सांगली जिल्ह्यात चला. जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या पहिल्याच कादंबरीला २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पन्नास हजार रुपये आणि ताम्रफलक. सत्कार झाले, मुलाखती झाल्या. पुढं ते तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवत होते. २०२० सालच्या टाळेबंदीत कॉलेज बंद, म्हणजे तासिका बंद, म्हणजे पैसे बंद. आणि अकादमीचा पुरस्कार मिळालेला कादंबरीकार गावी शेतमजुरीला गेला. ती बातमी राज्यभर फिरली, तेव्हा कुठं मदतीचे हात पुढं आले. हात पुढं आले हे चांगलंच झालं. पण क्रम बघा: कादंबरीची बातमी झाली तेव्हा शाल, मजुरीची बातमी झाली तेव्हा हळहळ. मधल्या दोन वर्षांत ‘फेसाटी’ची एकेक प्रत विकत घेऊन वाचावी, हा सर्वांत स्वस्त उपाय सत्कार करणाऱ्यांपैकी किती जणांना सुचला असेल? २०२४ साली हाच युवा पुरस्कार तुळजापूरच्या देवीदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. रेडिमेडच्या लाटेत धंदा बसलेल्या शिंप्याची ती गोष्ट, आणि लिहिणाराही शिवणकामावर पोट भरलेला. आपल्याकडं पुरस्काराच्या बातमीत लेखकाची गरिबी पहिल्या ओळीत येते आणि कादंबरीत काय आहे ते जागा उरली तर.

सरकारचं म्हणाल, तर सरकार समाजाहून वेगळं वागत नाही. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्या मंडळाचे पहिले अध्यक्ष आमच्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, तेच हे मंडळ. म्हणजे पुस्तक जन्माला घालायची सोय झाली. पण जन्मल्याबरोबर १९५४चा कायदा दाराशी उभा: एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणखी तीन इतर मोठ्या ग्रंथालयांना, प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायच्या. ग्रंथसंग्रहासाठी हे योग्यच, पण ‘एक प्रत द्या की’ म्हणणाऱ्या आत्तेभावाच्या मागं इतकी भक्कम परंपरा असेल, असं वाटलं नव्हतं. आणि मग भिलार. ४ मे २०१७ रोजी इथं पुस्तकांचं गाव सुरू झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतली. ते गाव नावारूपाला आलं ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळं. लोक लांबून येतात ते पुस्तकं विकत घ्यायला. आपण कल्पना उचलली आणि वाटेत दुकान तेवढं गळालं. भिलारला घराघरांत पुस्तकं मांडली आहेत. या, बसा, फुकट वाचा. योजना गोड आहे, गावकऱ्यांनी घरं मोकळी करून दिली ही तर मोठीच गोष्ट. फक्त त्याच भिलारमध्ये स्ट्रॉबेरीही पिकते, आणि ‘या, बसा, फुकट खा’ असं तिच्याबद्दल कुणी म्हणत नाही. तिला रोप लागतं, मल्चिंग लागतं, मजूर लागतात, म्हणून तिला भाव असतो हे पर्यटकालाही कळतं. कादंबरी बहुधा रानात आपोआप उगवत असावी, कासच्या फुलांसारखी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोकांकडं पैसे कुठं आहेत? खरं आहे, पुष्कळांकडं नाहीत, आणि ज्याच्याकडं नाहीत त्यानं वाचनालयातून आणून वाचावं. वाचनालयं त्यासाठीच आहेत. पण पुस्तक फुकट मागणारा सहसा तो नसतो. तो फ्लेक्सवरच्या पंधरांपैकी एक असतो, आणि त्या फ्लेक्सला वर्गणी त्यानं खिशातून दिलेली असते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: चांगलं असेल तर खपतंच की. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ची. दोघंही तेव्हा तिशीच्या आत होते. पाटील तर जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मान्य, आणि त्या लेखकांचे कष्ट कमी नव्हते. पण कर्ण आणि सदाशिवरावभाऊ हे नायक वाचकाच्या घरात आधीपासून पाट मांडून बसलेले होते. जतच्या दुष्काळावर किंवा मुंबईत माथाडीचं ओझं उचलणाऱ्या बापावर लिहिणाऱ्याला दारात उभं राहून आधी ओळख सांगावी लागते. मग ‘कोसला’चं काय, असं कुणी विचारेल. १९६३ साली पंचविशीतल्या नेमाड्यांनी ओळख न सांगताच घरात घुसून दाखवलं. दाखवलं खरं, पण त्यांना पुढं प्राध्यापकाची पगारी नोकरीही मिळाली. पहिल्या कादंबरीनं पोट भरायची गरज पडली नाही, कारण पोटाची सोय फळ्यानं केली होती. मराठी कादंबरीला गुपचूप अनुदान देणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे कॉलेजातली कायम नोकरी. ती जाऊन तासिका आली. आता तासावर मिळणाऱ्या पैशात तरुण कादंबरीकार दुसरी कादंबरी लिहितो, ते आपण ‘जिद्द’ या सदराखाली छापतो.

तिसरा आक्षेप लेखकावरच आहे, आणि तो मी नाकारत नाही. शाल त्यालाही हवी असते. पुस्तक यायच्या महिनाभर आधीपासून तो मुखपृष्ठाचं एकेक टोक रोज स्टेटसला ठेवतो, ‘लवकरच’ म्हणतो, उलटं पुस्तक धरलेल्या आमदारांचा फोटो चौकटीत घालून घेतो. अकादमीच्या लेखी तो पस्तिशीपर्यंत युवा. आपल्याकडं तो साठीपर्यंत ‘नवोदित’ राहतो आणि त्याचंही त्याला फारसं वाईट वाटत नाही. वाचकच नाही म्हटल्यावर माणूस प्रेक्षकांवर भागवतो. पण उपाशी माणसाला बडीशेप आवडते, म्हणून जेवण द्यायचं नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही.

रीत मोडायची म्हटलं की आमच्याकडं लोक बिचकतात, म्हणून मी रीत जुनीच सुचवतो, फक्त लग्नातली. निमंत्रणपत्रिकेवर खाली ठळक छापावं: ‘कृपया शाल-श्रीफळ आणू नये.’ दाराशी टेबल टाकावं, त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याची आहेराची वही, आणि वहीपुढं भावकीतला एखादा चोख चुलता, ज्याला पीडीएफ म्हणजे काय ते माहीत नाही. येणाऱ्यानं प्रत घ्यायची, पैसे मोजायचे, नाव लिहायचं. आणि पंगत उठायच्या आधी चुलत्यानं माईक हातात घेऊन, आहेर पुकारतात त्याच सुरात, वाचत जावं: कुडाळचे पाव्हणे, दोन प्रती; केळघरचे मामा, एक प्रत; फ्लेक्सवरचे शुभेच्छुक क्रमांक चार, हजर आहेत, अजून घेतलेली नाही; क्रमांक पाच, टेबलापर्यंत येऊन गेले, सुट्टे नाहीत म्हणतात, सुट्टे इथं आहेत.