असू दे, लागेल कधी तरी

महागडा हेडफोन घेऊन आठवडा झाला, की त्याच्यासाठी ॲम्प्लिफायर शोधू लागणारा गृहस्थ म्हणजे ॲम्पशोधक. वय साधारण पस्तीस ते साठ. घर स्वतःचे, निदान हप्ते संपत आलेले. व्यवसाय बहुधा संगणकाचा, बँकेचा किंवा दातांचा. घरातला गिझर किती वॅटचा, हे त्याला सांगता येत नाही. हेडफोन किती ओहमचा, हे मात्र तो झोपेतून उठवले तरी सांगतो. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालून तो घरी येतो आणि हातपाय धुऊन चाळीस हजारांच्या ॲम्पची माहितीपत्रके वाचत बसतो. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे त्याला वाटत नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ती फारशी नाहीही.

शोधाची सुरुवात ठरलेली असते. नवा हेडफोन लॅपटॉपला लावलेला असतो, गाणे सुरेख वाजत असते, गृहस्थ सुखात असतो. अशा वेळी एखादा जाणता मित्र सहज विचारतो, “ॲम्प कुठला लावलायस?” हा प्रश्न “मुलाचं कुठं जमलं का?” या जातीचा आहे. विचारणारा चहा पिऊन निघून जातो, झोप ऐकणाऱ्याची उडते. त्या रात्रीपासून लॅपटॉपवरचे तेच गाणे अशक्त वाटू लागते.

ॲम्पचे काम खरे तर छोटे आहे. फोनमधून किंवा डॅकमधून, म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युतसंकेत करणाऱ्या डबीतून, आलेला क्षीण विद्युतसंकेत, त्याचा आकार न बिघडवता, हेडफोनचा पडदा हलवण्याइतका मोठा करायचा. किती मोठा, हे दोन आकड्यांवर ठरते. पहिला हेडफोनचा रोध, तो ओहममध्ये मोजतात. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक व्होल्टला किंवा मिलिवॅटला किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा. सेनहायझरचा २००३ सालचा एचडी ६५० हा या मंडळींचा लाडका हेडफोन. त्याचा रोध ३०० ओहम आणि १ व्होल्टला १०३ डेसिबल आवाज. यावरून शोधक वाण्याच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडतो. ८० डेसिबलने, म्हणजे चांगल्या खणखणीत आवाजात ऐकायचे तर लागतात सुमारे १७ मायक्रोवॅट. वाद्यमेळाच्या एखाद्या कडाडणाऱ्या क्षणी ११० डेसिबलपर्यंत उसळी घ्यायची तर तीस डेसिबल वाढले, म्हणजे शक्ती हजारपट झाली: १७ मिलिवॅट. त्यासाठी सव्वादोन व्होल्ट पुरतात. हेडफोनची भोके असलेल्या कित्येक साध्या उपकरणांतून सुमारे १ व्होल्ट मिळतोच. थोडक्यात, लॅपटॉप अगदीच दरिद्री नव्हता.

हिशेब बरोबर असतो. शोधक तो दोनदा पडताळतो आणि मग ३०० ओहमवर १ वॅट देणारा ॲम्प पसंत करतो. १ वॅट म्हणजे १,००० मिलिवॅट. त्यातून १७ वजा केले की उरतात ९८३. या उरलेल्या ९८३ मिलिवॅटना हेडरूम म्हणतात, आणि ॲम्पशोधकाचे सारे आयुष्य या एका शब्दात सामावलेले आहे.

हेडरूमचा पूर्ण उपयोग करता येत नाही, कारण मध्ये कान येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलने आठवड्याला फार तर ४० तास ऐकावे; आवाज ३ डेसिबलने वाढला की मुभा निम्मी होते. हा हिशेब तसाच वर नेला, तर ११० डेसिबलला आठवड्याचा वाटा सुमारे सव्वादोन मिनिटांचा येतो. पूर्ण १ वॅट सोडला तर एचडी ६५० जवळजवळ १२८ डेसिबलवर पोहोचेल, आणि तेव्हा आठवड्याचे गाणे दोन सेकंदांत आटोपावे लागेल. शोधकाला हेही ठाऊक असते. त्याच्या ॲम्पवरचे व्हॉल्यूमचे बटण घड्याळाच्या भाषेत नऊच्या पुढे जात नाही. पाहुण्यांना तो हीच गोष्ट अभिमानाने दाखवतो: “बघा, नऊलाच एवढा आवाज. अजून पाच वाजायचेत.”

शक्तीची भूक खरी असलेले हेडफोनही आहेत, आणि शोधकाच्या बोलण्यात त्यांचे दाखले वारंवार येतात. प्लॅनर प्रकारात कागदापेक्षा पातळ पडद्यावर विद्युतवाहक पट्टे असतात आणि तो चुंबकांच्या रांगेसमोर सबंधच्या सबंध हलतो. हायफायमॅनचा ‘सुस्वरा’ हा त्यांतला नामांकित खादाड. नावावरून घरच्यांना तो गाण्याचा क्लास वाटतो. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ६,००० डॉलर होती. रोध ६० ओहम, पण १ मिलिवॅटला आवाज जेमतेम ८३ डेसिबल. त्याला ११० डेसिबलसाठी अर्धा वॅट लागतो, म्हणजे एचडी ६५०च्या तीसपट. शोधकाकडे सुस्वरा नसतो. तरीही ॲम्प घेताना तो सुस्वराला पेलेल असाच घेतो. उद्या घेतलाच तर?

तिसरा प्रकार स्थिर-विद्युत हेडफोनांचा. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये एसआर-१ हा अशा जातीचा पहिला हेडफोन बाजारात आणला. त्याचा अतिपातळ पडदा दोन जाळ्यांमध्ये टांगलेला असतो आणि त्यावर शेकडो व्होल्टचा भार ठेवावा लागतो. आजच्या स्टॅक्समध्ये तो ५८० व्होल्ट आहे. साधा ॲम्प इथे चालत नाही, खास वेगळा लागतो. सेनहायझरच्या १९९१ सालच्या ऑर्फियसबरोबर तर व्हॉल्व्हचा ॲम्प कारखान्यातूनच जोडून येत असे. शोधक ऑर्फियसबद्दल नितांत आदराने बोलतो, पण त्यात रमत नाही. जिथे निवडायचेच काही उरत नाही, तिथे करायचे काय?

निवडीतला सर्वांत नाजूक भाग म्हणजे ॲम्पचा स्वतःचा रोध, ज्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा संकेत आहे. कारण हेडफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६५०चा रोध खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, ३०० वरून जवळजवळ ५०० ओहमपर्यंत चढतो. ॲम्पचा रोध नगण्य असेल तर या चढाने काही बिघडत नाही. तो १२० ओहमचा असेल तर मात्र व्होल्टची वाटणी बदलते आणि खर्ज सुमारे १ डेसिबलने फुगतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, ओटीएल म्हणवल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये हेच घडते. शोधक याला उबदारपणा म्हणतो. तो ओहमच्या नियमानेच आलेला असतो, पण हे कारण सांगितलेले त्याला आवडत नाही. आजीच्या आमटीची चव चिंचगुळाच्या प्रमाणात असते, असे सांगणाऱ्याकडे घरचे जसे पाहतात, तसा तो पाहतो.

व्हॉल्व्ह ही गोष्ट त्याच्या घराला नवी नसते. आजोबांच्या रेडिओत तेच होते. खटका दाबला की आधी मागे तांबूस उजेड पडे, मग अर्ध्या मिनिटाने बातम्या येत. तो रेडिओ १९८० च्या सुमारास अडगळ म्हणून भंगारात गेला. नातू आता तसलेच व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारत फिरतो आणि जुना ब्रिटिश मुलार्ड मिळाला तर रेडिओच्या मूळ किमतीहून जास्त पैसे मोजतो. एक बसवलेला असताना तो आणखी दोन जोड्या घेऊन ठेवतो. व्हॉल्व्ह जातात कधी तरी.

ॲम्पचे ए, बी, एबी हे वर्ग गिरणीच्या पाळ्यांवरून चटकन समजतात. ध्वनीच्या लहरीला वरची आणि खालची अशा दोन बाजू असतात. क्लास बीमध्ये एक ट्रान्झिस्टर वरची बाजू सांभाळतो, दुसरा खालची. पण पाळी बदलताना पहिला गेटाबाहेर पडलेला असतो आणि दुसरा अजून विडी विझवत असतो. तेवढ्यात लहरीला खाच पडते. तिला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. क्लास एबीमध्ये दोघे थोडा वेळ बरोबर थांबतात, खाच जवळजवळ भरून निघते. क्लास एमध्ये दोघेही अखंड कामावर, गाणे असो वा नसो. त्यामुळे खाचेचा प्रश्न उरत नाही, वीज मात्र सतत जळते आणि डबा तापतो. शोधकाचा ओढा अर्थात क्लास एकडे. डिसेंबरात त्याची पत्नी विरजणाचे भांडे या डब्याशेजारी ठेवते आणि दही घट्ट लागते. मे महिन्यात त्याच खोलीत पंख्याशिवाय बसवत नाही, पण एचडी ६५० पाठीमागून उघडा असल्याने पंख्याची घरघर आत शिरते. मग पंखा बंद करून, गळ्याभोवती पंचा टाकून मंद्र सप्तक ऐकले जाते.

या जातीत पोटजाती आहेत. मोजणारे आणि ऐकणारे हा मुख्य भेद. मोजणारा आलेख पाहून ॲम्प घेतो. ज्याची विकृती आणि खरखर मूळ संकेताच्या १२० डेसिबल खाली आहे असा ॲम्प त्याला हवा असतो, मग तो ऐकला नाही तरी चालतो. ऐकणारा आलेखाकडे पाठ फिरवून डोळे मिटतो. सोल्डरिंग करणाऱ्यांचा तिसरा पंथ आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सीमॉय नावाचा ॲम्प घरोघरी पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत, ९ व्होल्टच्या बॅटरीवर बांधला जाऊ लागला. २०११ मध्ये नाव न सांगणाऱ्या एका अभियंत्याने ‘ओ-टू’ नावाच्या ॲम्पचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि स्वस्तात, मोजून सिद्ध झालेला स्वच्छ आवाज मिळू शकतो हे दाखवून दिले. पुढल्याच वर्षी तो गप्प झाला. शोधकांना एवढे नेमके उत्तर मिळाल्यावर दुसरे काही होणे शक्य नव्हते. उत्तर देणारा थांबला, शोध चालू राहिला.

आवाजाचे वर्णन करताना शोधकाची भाषा हमखास स्वयंपाकघरात शिरते. खर्ज पातळ असतो, मधली पट्टी आळलेली असते, तार तिखट लागते. नवा ॲम्प कच्चा असतो आणि शंभर तास वाजवल्यावर मुरतो. ट्रान्झिस्टर लोणच्यासारखे मुरत नाहीत. मुरतात ते कान, आणि परत पाठवायची मुदतही याच शंभर तासांत सरते.

चाचणीची गाणी ठरलेली. परदेशी गाण्यांत ईगल्सच्या १९९४ सालच्या मैफलीतले ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. त्यातला सुरुवातीचा ढोल पोटात बसला पाहिजे. देशी गाण्यांत किशोरी आमोणकर, आणि त्याही गाण्यासाठी नव्हेत, तानपुऱ्यासाठी. जवारीचा दोरा किती वर सरकवला आहे ते ऐकू आले, तर ॲम्प पास. बाई आलाप सुरू करतात तेव्हा शोधकाचे काम झालेले असते आणि तो पुढचे गाणे लावतो. शेजारच्या खोलीत त्याचे वडील फोनच्या टिचभर स्पीकरवर बालगंधर्वांची जुनी तबकडी ऐकत डोळे टिपत असतात. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांत ५,००० हर्ट्झच्या वर फारसे काही नसते, ही माहिती मुलाने त्यांना दोनदा दिलेली आहे.

दोन ॲम्पची तुलना करण्याची शास्त्रीय रीत उपलब्ध आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये तिचे यंत्र मांडले: अ, ब आणि यांपैकीच एक पण कोणता ते न सांगितलेला क्ष. दोन्हींचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवायचा, कारण किंचित मोठा आवाज मनाला नेहमीच सरस वाटतो. मग क्ष ओळखायचा. घरी हा प्रयोग दहावीतल्या मुलीच्या मदतीने होतो. ती मागे स्विच धरून बसते, शोधक डोळे मिटून सांगतो, “आता पडदा दूर झाला.” मुलीने तोवर स्विचला हात लावलेला नसतो; ती मैत्रिणीला उत्तर पाठवत असते. शोधक खचत नाही. दुपारी शेजाऱ्यांचे एसी बंद असतात, त्यामुळे लाइन स्वच्छ येते, असे तो नोंदवून ठेवतो.

खरेदीची वेळ आली की किंमत सांगण्याचा प्रसंग येतो. आकडा हप्त्यांत सांगितला जातो, त्यातून जुन्या ॲम्पची विक्री वजा केली जाते. जुना पुढे विकला जात नाही, जोड म्हणून कपाटात जातो. पत्नी विचारते, “अहो, एवढं सगळं लागतं का पण?” शोधक प्रामाणिक असतो. लागतात १७ मिलिवॅट, हे तो कबूल करतो आणि हेडरूम समजावू लागतो: रोजच्याला लागत नाही, पण एखादा मोठा क्षण आला तर कमी पडायला नको. डेसिबलचा भाग सुरू होण्याआधीच तिला ते कळलेले असते. माळ्यावर पन्नास माणसांच्या भाताचे पितळी पातेले आहे, कपाटात चोवीस जादा ताटे आहेत, पलंगाखाली पाहुण्यांच्या चार गाद्या आहेत. घरात माणसे चार. तीही कोणाला काही देऊ देत नाही. असू दे, लागेल कधी तरी.

ॲम्प घरी येतो, खोके जपून माळ्यावर जाते, ते नेमके पातेल्यात बसते. पातेले घरच्या मुंजीत एकदा उतरवले होते. व्हॉल्यूमचे बटण नऊवर आहे.