नऊ घरांचा नाद

सकाळी घराघरात पेपरची ओढाताण होते ती राजकारण वाचायला, असा कुणाचा समज असेल तर त्यानं तो आधी काढून टाकावा. सरकार पडलं की सोयाबीनचा भाव पडला, कुणाला पडलीय? सगळ्यांना पडलंय ते एवढंच, की तिसऱ्या ओळीत सात कुठं बसतो!

सुडोकू म्हणे! नऊ बाय नऊची चौकट, 1 ते 9 आकडे. आडव्या ओळीत आकडा परत नको, उभ्या ओळीत नको, तीन बाय तीनच्या पेटीतही नको. एवढ्याशासाठी माणसानं दूध उतू जाऊ द्यावं? मामंजी पेपर अडवून बसतात म्हणून सूनबाईनं भल्या पहाटे कोऱ्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा? पत्त्यांना जुगार म्हणत ज्या अक्कांनी नातवंडांचे डाव उधळले, त्याच आता पूजा उरकत्या घेतात. कामून? तर 'कठीण'वालं राहिलंय!

लातूरचं तर विचारूच नका. आधीच ते गाव मार्कांचं. सराव, सराव आणि सराव, हा लातूर पॅटर्न आता कोड्यालाही लागलाय. ट्यूशन एरियात पोरगं आत नीटचे गोळे काळे करतंय आणि बाप बाहेर गाडीच्या सीटवर पेपर दुमडून चौकोन भरतोय. बापाला निगेटिव्ह मार्किंग नाही ना, त्यामुळं त्याचा आत्मविश्वास काय वर्णावा! नांदेडकरांनी हसू नये. तपोवन एक्सप्रेस म्हणजे दिवसभराची बैठक. पूर्वी डब्यात शेंगा फुटायच्या, सोयरिकी जुळायच्या. आता समोरचा अनोळखी गृहस्थ आपल्या मांडीवरच्या पेपरात मान घालून म्हणतो, "तिथं चार येत नाही हो." विचारलं होतं कुणी?

बरं, नाव जपानी म्हणून खापर जपानवर फोडायची सोय नाही. हे कोडं 1979 मध्ये छापून आलं अमेरिकेत आणि ते रचलं हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुरचनाकारानं. रिटायर माणूस घरी बसला की काय होतं बघा! 1984 मध्ये जपानच्या निकोली कंपनीनं ते उचललं, बारसं तिथलं. मग आले हाँगकाँगचे माजी न्यायाधीश वेन गूल्ड. पुन्हा निवृत्तच! त्यांनी कोडी पाडणारा संगणकी प्रोग्राम लिहिला आणि 2004 च्या नोव्हेंबरात लंडनच्या 'टाइम्स'ला कोडी दिली चक्क फुकट. फुकट म्हटल्यावर जग मागं राहतंय होय?

आणि न्यायाधीशानं लावलेली ही आग शेवटी कोर्टातच पोचली. 2008 साली सिडनीत अमली पदार्थांचा मोठा खटला चालू होता. ज्यूरीतली मंडळी खाली मान घालून लिहितायत, केवढं बारकाईनं साक्षी टिपतायत, म्हणून सगळे खूश. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की यांचं लिहिणं आडवं नाही, उभं चाललंय! खटला रद्द, तीन महिने पाण्यात, दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा चुराडा. त्याच वर्षी सुडोकूची जागतिक स्पर्धा आपल्या शेजारी गोव्यात भरली. समुद्र सोडून लोक चौकोनात बुडाले. गोव्यात जाऊन! याहून मोठं पाप कोणतं?

कोडी कधी तरी संपतील, अशी आशाही धरू नका. भरलेल्या चौकटी किती प्रकारच्या होऊ शकतात, याचा हिशोब गणितवाल्यांनी केलाय. उत्तर 22 अंकी आलं. नातवंडांच्या नातवंडांनाही पुरून उरेल.

आपण अर्थातच यातले नाही. आपण फक्त 'बघू तरी काय असतंय' म्हणून एखादा आकडा टाकतो. मग दुसरा. मग एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर मागं टाकून लातूर स्टँडात शिरली तरी कंडक्टरला खांदा हलवून उठवावं लागतं. खोटं वाटत असेल तर आपापल्या घरची रद्दी उघडून बघा. कोरी चौकट सापडते का?

तेव्हा आता नाकं मुरडणं पुरे. विनंती एवढीच, की ज्या घरात पेपर एक आणि डोकी पाच, तिथं पेन्सिल वापरा. आणि पेनानं भरून, चुकवून, वर घडी घालून पेपर जागेवर ठेवणारे जे कुणी असतील, त्यांनी दुसरा पेपर लावावा. स्वतःच्या खर्चानं.