मावशी, पाणी आलं का?

"मावशी, पाणी आलं का?"

"आलं नि गेलं पण. तू कुठं होतीस गो?"

कुठं असणार! ह्यांची फर्स्ट शिफ्ट. कंपनी बोईसरला, तारापूर एमआयडीसीत, आणि आमचं बिऱ्हाड इथं वैतरणा स्टेशनजवळ. म्हणजे डबा उजाडायच्या आतच भरला पाहिजे. डबा भरेपर्यंत लेक उठली, तिला शी आली, तेवढ्यात दूध उतू गेलं आणि या सगळ्या गडबडीत नळ येऊन गेला. सातवा महिना लागलाय. हंडा उचलू नको असं जो तो सांगतो, उचलणार कोण ते मात्र कुणी सांगत नाही.

मावशींनी न बोलता दोन कळश्या कुंपणावरून पुढे केल्या. कुंपण कसलं, निरगुडीच्या काठ्या नि त्यांवर टाकलेलं फाटकं जाळं. त्या पलीकडे कोळंबी सोलत बसल्या होत्या. डोकं मोडायचं, टरफल ओढायचं, पाठीतला काळा दोरा नखानं काढायचा. हात चालू, तोंड चालू.

"वैतरणेच्या काठाला राहायचं आणि कळशीभर पाण्यासाठी रडायचं."

हे वाक्य मावशींच्या तोंडून आलं की आमचे हे पुढचं भाषण सुरू करतात. १९५७ साली मोडकसागर, २०१४ साली मध्य वैतरणा, धरणं आपल्या नदीवर आणि पाणी मुंबईला, आपल्याला काय तर खारी खाडी. आज ते घरी नव्हते म्हणून वाचलो.

"सासू उठली?"

"उठल्या. तुळशीला पाणी घालता घालता परत तोच विषय."

"कुठला?"

"दुसरं घरीच होऊ दे म्हणतात."

मावशींच्या हातातली कोळंबी हातातच राहिली.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही, हे आधी सांगते. त्यांची चारही घरी झाली. कळा येत असताना त्यांनी भाकऱ्या थापल्या होत्या, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. माझ्या पहिल्या वेळी आम्ही खासगी दवाखान्यात गेलो. बिल भरायला ह्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं, ते आत्ता कुठं फिटतंय. वर तिथली एक बाई, नाव-गाव नको, कळांनी मी ओरडले तर म्हणाली, "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?" टाके विसरले मी, पण हे वाक्य नाही विसरले. भिंतीकडे तोंड करून पडले होते, आई बाहेर बाकड्यावर, तिला आत सोडत नव्हते. म्हणून सासूबाई घरीच म्हणतात तेव्हा माझं निम्मं मन हो म्हणतं. आपली खोली, आपली गोधडी, दार लोटून घ्यायचं. लेक रात्री कुणाजवळ झोपेल हा घोर नाही.

"त्यात भर इंग्लंडातल्या नणंदेची," मी म्हटलं. "तिलाही दुसरं व्हायचंय ना. तिचं तर ठरलंय, घरीच. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तिनं. हॉलमध्ये रबरी हौद फुगवून ठेवलाय, त्यात पाणी भरून बसायचं म्हणे."

"कशात?"

"हौदात. गरम पाण्याच्या."

"तिकडे तेवढं पाणी येतं?"

यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की माझं पोट दुखायला लागलं आणि मावशी घाबरून उठल्या.

सासूबाईंना मात्र त्या कॉलनं दहा हत्तींचं बळ आलंय. "बघ, विलायतेत पण घरीच करतात!" पण नणंद त्यांना जे सांगते ते त्या अर्धंच ऐकतात. पूर्ण असं आहे. २०११ साली इंग्लंडात हजारो बाळंतपणं तपासून एक मोठा अभ्यास झाला. पहिलं मूल घरी होताना बाळाला धोका थोडा जास्त दिसला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, बाई धडधाकट असेल आणि आधीचं बाळंतपण नीट झालेलं असेल, तर घरी काय नि दवाखान्यात काय, फारसा फरक दिसला नाही. पण तिथं घरी म्हणजे शेजारची बाई आणि गरम पाण्याचं घमेलं नव्हे. शिकून पदवी घेतलेल्या सुइणी येतात, मिडवाइफ म्हणतात त्यांना. त्यांच्या पिशवीत रक्त थांबवायचं इंजेक्शन असतं, बाळाला श्वास द्यायची पिशवी असते. थोडं जरी इकडचं तिकडे झालं तरी फोन, दाराशी गाडी, आणि गाडी जाईल असा रस्ता.

"शेवटचं बोललीस ते खरं," मावशी म्हणाल्या. "सुईण आमच्यातही होती. रस्ता नव्हता."

मावशींची सासू या भागातली नावाजलेली सुईण. मला वाटलं होतं मावशी घरच्याच बाजूनं बोलतील. त्यांच्या घराण्याचा मानच तो. सासूबाईंनी मला कुंपणाकडे पाठवलं तेही त्याच भरवशावर, "विचार जा तिला, तिच्या सासूनं किती सोडवल्या!"

मावशींनी सोडवलेल्या बायकांचं सांगितलंच. सासू पोटावर हात ठेवून मूल सरळ आहे की आडवं ते सांगायची. बाईला निजवून ठेवायची नाही, चालवायची, आढ्याला दोर बांधून तो धरून उकिडवं बसवायची. "खाली पडून जोर लावायचा म्हणजे चढावर गाडा ढकलायचा, असं म्हणायची ती." पुढे सरकारनं सुइणींना शिकवलं, पत्र्याची पेटी दिली. त्यात साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळेला राख-शेण काही लावायचं नाही. तोपर्यंत विळ्यानं नाळ कापून किती पोरं धनुर्वातानं गेली असतील, कोण मोजणार? गरोदरपणातली इंजेक्शनं आणि ही स्वच्छता आली तेव्हा कुठं थांबलं ते. तान्ह्या बाळांचा धनुर्वात देशातून हटला असं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडलं.

"मग पेटी कुठंय आता?"

"माळ्यावर. तिनंच टाकली."

ते कसं, ते मावशींनी आजवर सांगितलं नव्हतं. वाढीवची बाई होती. वाढीव म्हणजे आपल्या स्टेशनच्या नि सफाळ्याच्या मधलं खाडीतलं बेट, दोन्हीकडे रेल्वेचे पूल आणि माणसांची वाट तेव्हा त्या पुलांवरूनच. निरोप आला तशी सासू रात्री पुलावरून चालत गेली, मावशी कंदील धरून मागे. मूल झालं, रडलं, सगळं झ्याक. वार मात्र पडेना. रक्त थांबेना. एक गोधडी भिजली, दुसरी भिजली. सासूला हातानं जेवढं येत होतं तेवढं तिनं केलं. मग खाटेला बांबू लावले, चौघांनी उचलली आणि पुलावर चढले. मध्यावर आले नि मागून मेल गाडी. खाट कडेला टेकवून सगळे अंग चोरून उभे राहिले. अख्खी गाडी जाईपर्यंत.

"वाचली?"

"मूल वाचलं."

लेक तेवढ्यात अंगणात आली आणि तिनं कोळंबीच्या टरफलात हात घातला. तो धुतला, नाक पुसलं, हातात चपातीचा तुकडा दिला, तेवढा वेळ दोघी गप्प होतो.

"तिचं काही चुकलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. "हात चांगला होता तिचा. पण रक्त हातानं थांबत नाही गो नेहमी. त्याला सुई लागते, बाटली लागते. आणि कुणाचं बाळंतपण बिघडणार ते आधी कपाळावर लिहिलेलं दिसत नाही."

मला मोखाड्याची बाई आठवली. २०२२ च्या ऑगस्टात बातम्यांत होती. मर्कटवाडीची, सातव्याच महिन्यात घरी जुळी झाली आणि दोन्ही गेली. आईला रक्तस्राव, पाडा रस्त्यापासून आत, म्हणून तिला डोलीत घालून पावसातून नेली. ती वाचली. त्याच मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणाचं धरण आहे. मुंबईपर्यंत पाणी न्यायचा नळ टाकता येतो, पाड्यापर्यंत रस्ता नेता येत नाही. (ह्यांचं भाषण मलाही चढलंय, दुसरं काय.) त्या बाईनं घर निवडलं होतं, असं कोण म्हणेल? नणंदेनं निवडलंय. माझ्या सासूबाईंनीही कधी निवडलं नव्हतं. दुसरं काही नव्हतंच, आणि निभावलं, म्हणून आता ते त्यांना आपलं कर्तृत्व वाटतं. वाटू दे. चार वेळा निभावणं म्हणजे काही थोडं नाही.

"तुझं रक्त किती आलं परवा?" मावशींनी नेमका प्रश्न काढला.

"नऊला टेकलंय."

"आणि गोळ्या?"

गोळ्या पिठाच्या डब्यामागे आहेत. खाल्ल्या की मळमळतं, पोट बांधल्यासारखं होतं. आशाताई आल्या की मी डबा पुढे सरकवते. पण त्या काही दुधखुळ्या नाहीत. परवा ९ तारखेच्या तपासणीला त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि रक्ताचा आकडा डॉक्टरांच्या आधी त्यांनीच वाचला. मग वाटेत जे सुनावलं! महाराष्ट्रात आता शंभरातल्या जवळजवळ ९५ बाया दवाखान्यात बाळंत होतात, बाळंतपणात दगावणाऱ्या बायका २०१८-२० च्या मोजणीत लाख जन्मांमागे ३३ वर आल्या होत्या, देशाचा आकडा तेव्हा ९७ होता, आणि तुला नऊ रक्तावर घरी व्हायचंय? इंग्लंडातल्या अभ्यासात धडधाकट बाई म्हटलंय. नऊ रक्ताच्या बाईला डोळे मिटून धडधाकट म्हणता येत नाही.

"पण सिझर केलं तर?" मी विचारलं होतं. चारातल्या एकीचं होतंच की आपल्याकडे. आशाताई म्हणाल्या, ते विचारायचा तुला हक्क आहे, का करताय ते डॉक्टरला विचार, पण सिझरच्या भीतीनं घरी बसू नको. पैशांचं म्हणशील तर सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी, कशाचेही पैसे नाहीत. घरी आल्यावर दीड महिना मीच येणार, बाळाला झोळीत टांगून वजन करायला, श्वास मोजायला. ही घरी येऊन बाळ बघायची रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बसवली, तीच देशभर गेली, हेही त्यांनी मला चालता चालता ऐकवलं. शिवाय घरी झालं तर २१ दिवसांत ग्रामपंचायतीत जाऊन जन्माची नोंद आपली आपण करायची. आमच्या ह्यांना गॅस बुक करायला आठवडा लागतो!

"आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात," मी मावशींना सांगितलं. "मातृ वंदना योजनेत."

"सासूला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाल्या, मुलगा झाला तर काय दंड आहे का?"

मावशींनी कोळंबीचं भांडं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि कुंपणाला टेकल्या. "हे बघ, दवाखान्यातच जायचं. गाडी आधीच सांगून ठेव, १०८ चा नंबर भिंतीवर लिही, आणि रात्रीच्याला म्हणून एक रिक्षावाला बांधून ठेव. पोरगी माझ्याकडे. पण तुझं मन तिथं नाहीये. तुला त्या एकटीच्या खोलीची भीती बसलीय."

बसलीच आहे. पण त्यावरही आशाताईंनी एक सांगितलंय, ते मी तोंडात धरून ठेवलं होतं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ आत एक बाई सोबत राहू शकते. २०१६ साली केंद्र सरकारनं तसं ठरवलंय. घरातली बाई हवी, आणि अट अशी की तिनं स्वतः ते सोसलेलं हवं.

"म्हणजे आत बसून पाठ चोळायची?"

"हो. हात धरायचा, पाणी पाजायचं, चालवायचं."

"मग मी येते की! मला काय कमी ठाऊक आहे? घरातली म्हणजे काय, मावशी म्हणतेस ना मला?"

मी हो म्हणायच्या आत मागच्या दारात बांगड्या वाजल्या. सासूबाई. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

"तू कशाला?" त्या मावशींना म्हणाल्या. "तुझी दोन. माझी चार झालीत. आत मीच जाणार."

"वहिनी, तुम्ही तर घरीच म्हणत होता!"

"ते म्हणत होते. पण जायचंच असेल तर पोरीला परक्याच्या हाती सोडू? आणि ती कोण ती मागल्या वेळची, ती असली ना तिथं, तिला मी सांगते कशाला ओरडायचं ते."

"परकी कोण? मी परकी?" मावशींचा आवाज चढला. "सुइणीच्या घरची आहे मी. पुलावर कंदील कोणी धरला होता?"

"कंदीलच धरलास ना!"

मी दोन्ही कळश्या उचलल्या आणि घरात निघाले. दोघी एकदमच ओरडल्या, "ठेव ती खाली!"