सांगोल्याने खुलासा करावा

प्रति,
सांगोला विधानसभा मतदारसंघ (क्र. 253), जि. सोलापूर
विषय : राजकीय विश्लेषकांची वारंवार अडवणूक केल्याबाबत

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपली तक्रार करावी लागत आहे. आपल्या नावापुढे ‘शेकापचा बालेकिल्ला’ असे लिहून आम्ही मोकळे झालो होतो. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) गणपतराव देशमुखांना आपण 1962 पासून 2014 पर्यंत अकरा वेळा विधानसभेत पाठवलेत, तेव्हा किल्ल्याला कुलूप आहे एवढे गृहीत धरायला काय हरकत होती? पण 1972 मध्ये आपण त्यांनाच घरी बसवलेत आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत बोलावलेत. 1995 मध्ये पुन्हा तेच. शहाजीबापू पाटलांकडून हार झाली ती 192 मतांनी. 2019 मध्ये गणपतराव वयोमानामुळे थांबले, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले, आणि त्याच शहाजीबापूंनी 768 मतांनी बाजी मारली. हे दोन्ही फरक एकत्र केले तरी 960 भरतात. एखाद्या मतदान केंद्राच्या यादीत याहून जास्त नावे असतात. इतक्या कमी मतांनी दार उघडते-मिटते त्या वास्तूला किल्ला म्हणायचे की नाही, हे आपणच सांगावे. आमच्या मते आपण दर पाच वर्षांनी हिशेब तपासत होतात आणि बहुतेक वेळा तो जुळत होता. ही गोष्ट वेळीच कळवली असती, तर आमचे बरेच लेख वाचले असते.

‘सगळी जातीची गणिते आहेत’ हे उत्तर आमच्याकडे तयार असतेच. धनगर समाजाची मते आपल्याकडे मोठी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 1990, 1995 आणि 1999 या तीन निवडणुकांत तालुक्याची जातवार रचना काही पालटली नव्हती. उमेदवारही तोच, तरी निकाल जिंकले, हरले, जिंकले असा. 2019 ला तर जात तीच आणि आडनावही तेच होते. जो घटक जागचा हलत नाही, त्याच्यावर बदलाचे खापर कसे फोडणार?

आपला दुसरा अपराध अधिक गंभीर आहे. सत्तेतला आमदार असल्याशिवाय विकास होत नाही, हा राज्यातला सर्वमान्य सिद्धांत. पक्षांतराच्या पत्रकार परिषदा त्यावरच चालतात. आपले गणपतराव मात्र 1978 आणि 1999 नंतरची मंत्रिपदाची थोडकी वर्षे सोडली तर विरोधी बाकांवरच बसले, तेही एकाच पक्षाच्या. पाणी म्हणूनच उशिरा आले, असे आपल्याला बजावले जाते. शेजारच्या जतने 2014 ला सत्ताधारी पक्षाचा आमदार दिला होता. तिथली काही गावे 2022 मध्येही पाण्यासाठी थेट कर्नाटकात जाण्याची भाषा करत होती. सिद्धांत मोडायला हे एक उदाहरण पुरेसे नाही, हे मान्य. पण तो मांडणाऱ्यांनी कधी एवढेही दिलेले नाही. (आपले तेव्हाचे आमदार शहाजीबापू यांनी 2022 मध्ये ज्या झाडी-डोंगरांची वाहवा केली ती गुवाहाटीची होती, हेही दुष्काळी तालुक्याने लक्षात ठेवलेले दिसते.)

आता 2024. डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, शेकापला राज्यात तेवढी एकच जागा मिळाली, आणि ‘घराणेशाही!’ म्हणून आम्ही पुन्हा पेन उचलले. तेही गणपतरावांचेच नातू, म्हणजे आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण वारसा पुरेसा असता तर पाच वर्षांपूर्वीच चालला असता. या वेळी दोन्ही शिवसेनांचे उमेदवार, शहाजीबापू आणि दीपक साळुंखे, रिंगणात होते. शहाजीबापू साधारण 25 हजारांनी मागे पडले आणि साळुंखे यांनी त्याहून कितीतरी जास्त मते घेतली. ती सगळी बापूंकडे गेली असती असे नाही, पण मतविभागणी मोजल्याशिवाय या विजयाला पुण्याई म्हणणे घाईचे होईल.

सबब, आपण नेमके कोणाचे आहात, याचा लेखी खुलासा 2029 च्या आचारसंहितेपूर्वी सादर करावा. मुदतीत तो न आल्यास आम्ही ‘बालेकिल्ला’ हाच शब्द पुन्हा छापू. टंकलेखन तयार आहे.

आपला,
एक त्रस्त विश्लेषक