डेर, डी, डास आणि गोल

जर्मन शिकणाऱ्याने पहिले काही महिने व्याकरणाचं पुस्तक मिटून ठेवावं आणि फुटबॉलचा सामना लावावा, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवनाच्या वाऱ्या करणाऱ्यांना हे आळशाचं तत्त्वज्ञान वाटेल, पण इतिहास माझ्या बाजूने आहे. हा खेळ जर्मन शाळेत रुजवला तो भाषेच्याच एका मास्तरांनी. ब्राउनश्वाइगला जर्मन आणि अभिजात भाषा शिकवणाऱ्या कोनराड कोख यांनी १८७४ मध्ये पोरांपुढे चेंडू टाकला, पुढच्या वर्षी जर्मनमध्ये नियम लिहिले आणि मग इंग्रजी शब्द हाकलून देशी शब्द घडवण्याचा ध्यास घेतला. म्हणून शेजारी स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बोलणारेसुद्धा 'पेनल्टी' म्हणतात आणि जर्मन माणूस म्हणतो 'एल्फमेटर', म्हणजे अकरा मीटर. (खरं अंतर बारा यार्ड, म्हणजे अकरा मीटरला तीन सेंटिमीटर कमी. एवढी ढिलाई त्या देशात खपली कशी, कोण जाणे.) १८९८ मध्ये श्टुटगार्टच्या कार्ल प्लांक या व्यायामशिक्षकाने पुस्तिका काढून फुटबॉलला 'इंग्लिश रोग' ठरवलं. निदान अचूक होतं; औषध तेवढं आजतागायत सापडलेलं नाही.

आता लिंगांकडे वळू. मराठी माणूस तीन लिंगांना घाबरत नाही. तो भात, ती भाजी, ते वरण हे जेवता जेवताच अंगवळणी पडतं. पंचाईत अशी की जर्मन लिंगं आपल्या लिंगांशी जुळत नाहीत आणि याद्या घोकून डोक्यात टिकत नाहीत. त्यावर १९६६ चा वेंब्लीचा विश्वचषकाचा अंतिम सामना हा उतारा. अतिरिक्त वेळेत इंग्लंडच्या जेफ हर्स्टने फटका मारला, चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला लागून सरळ खाली आपटला आणि बाहेर आला. चेंडू 'डेर बाल', दांडा 'डी लाट्टे', गोल 'डास टोअर': एका फटक्यात तिन्ही लिंगं. पंचांनी रेषेवरच्या सहकाऱ्याला विचारून गोल दिला, जर्मनी ४-२ असा हरला, आणि असल्या गोलाला तिथे कायमचं 'वेंब्ली-टोअर' असं नाव पडलं. ज्या 'टोअर'वरून देशाने इतकी वर्षं भांडण धरलं, त्याचं लिंग कोण विसरेल?

कुणी म्हणेल, मैदानावरचे शब्द मैदानावरच राहणार. नोकरीच्या मुलाखतीत त्यांचं काय करायचं? हा आक्षेप घेणाऱ्याने जर्मन वर्तमानपत्राचं राजकारणाचं पान उघडून बघावं. मंत्र्याचं विधान त्याच्याच पक्षाच्या अंगाशी आलं की तो 'आयगनटोअर', म्हणजे स्वयंगोल. विरोधकांच्या हाती आयता मुद्दा दिला की ती 'श्टाइलफोरलागे', म्हणजे थेट पुढे धाडलेला पास. एकटा पडलेला नेता 'आपझाइट्स'मध्ये, अर्थात ऑफसाइड. फुटबॉल न कळणाऱ्याला तिथली युती-आघाडीसुद्धा कळणं कठीण.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: फुटबॉलवाल्यांच्या तोंडी व्याकरणाची दैना होते. ती होते, नाकबूल कशाला करू? हाम्बुर्गचा होर्स्ट ह्रुबेश, ज्याला लोक 'हेडरचा राक्षस' म्हणत, त्याने मानफ्रेड काल्ट्सच्या वळणदार क्रॉसवरचा आपला गोल समजावला तो असा: मानीचं केळं, मी डोकं, गोल. जर्मन क्रियापद वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं ही आपली जुनी तक्रार. इथे ते आलंच नाही. पण विभक्तीही याच खेळात भेटते. १९५४ ला बर्नमध्ये हंगेरीला ३-२ हरवणाऱ्या जर्मन संघाचे प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांच्या नावावर एक वचन सांगतात: 'नाख डेम श्पील इस्ट फोर डेम श्पील', सामन्यानंतर म्हणजे पुढच्या सामन्याआधी. सहा-सात शब्दांत दोनदा चतुर्थी, आणि तीही न रडवता.

राहिले जोव्हानी त्रापात्तोनी. बायर्न म्युनिकच्या या इटालियन प्रशिक्षकाने मार्च १९९८ मध्ये पत्रकारांसमोर आपल्याच खेळाडूंवर तोंडसुख घेतलं, त्यांना 'रिकाम्या बाटली'सारखे दुबळे ठरवलं आणि शेवटी 'माझं संपलं' या अर्थी 'इश हाबे फेर्टिश' म्हणून ते उठले. शुद्ध जर्मनमध्ये तिथे 'बिन' हवं. एवढ्या चुकांवर कुठल्याही भाषापरीक्षेत ते नापास झाले असते, हे मान्य. मात्र ते वाक्य जर्मनांनी असं उचललं, की गठ्ठ्यातला शेवटचा पेपर तपासून हातावेगळा करताना खुद्द परीक्षकच हसत 'इश हाबे फेर्टिश' म्हणाला, तर तिथे कुणालाही नवल वाटणार नाही.